कासेलच्या चौकातलं पुस्तकांचं देऊळ

हा अभिप्राय वाचून कुणाला तिकडे जाता येणार नाही. ज्याबद्दल लिहितेय ते उतरवून झालंय. तरी लिहायला बसले, कारण जर्मनीतल्या आपल्या निम्म्या घरांत उन्हाळ्यात आईवडील येतात, आणि ऱ्हाइनवरची बोट, हायडेलबर्गचा किल्ला एवढं दाखवून झालं की पुढच्या रविवारी त्यांना कुठे न्यायचं हा प्रश्न पडतोच. कासेल शहराचं डॉक्युमेंटा हे कलाप्रदर्शन दर पाच वर्षांनी भरतं. पुढच्या खेपेला हे देऊळ नसेल, पण अशा ठिकाणी काय बघायचं आणि कशाला भुलायचं नाही याचा थोडा अंदाज येईल.

तर हे २०१७चं, चौदावं डॉक्युमेंटा. कासेलमध्ये १० जून ते १७ सप्टेंबर, बरोबर शंभर दिवस. शहरभर पसरलेलं कलाप्रदर्शन. आत जायचं तर दिवसाचं तिकीट तेव्हा २२ युरो होतं. पण ज्याच्यासाठी आम्ही गेलो ते उघड्यावर, भर चौकात होतं आणि त्याला तिकीट नव्हतं. अर्जेंटिनाच्या मार्ता मिनुखिन या कलावंत बाईंनी अथेन्सच्या पार्थेनॉनच्या मापाचं, साधारण ७० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असं देऊळ लोखंडी सांगाड्यावर उभं केलं होतं. दगडाच्या जागी पुस्तकं. पुस्तकंही अशी, की जगात कुठे ना कुठे, कधी ना कधी ज्यांच्यावर बंदी आली होती.

दोन गोष्टी आधीच सांगते, म्हणजे पुढचं कुठल्या तोंडाने बोललंय ते कळेल. माझं पोट परांच्यांवर चालतं. इमारतीभोवती ज्या लोखंडी परांच्या उभ्या राहतात त्यांची गणितं करणं हा माझा धंदा. आणि बरोबर होती माझी आई. तिची सगळी नोकरी तालुक्याच्या 'ब' वर्ग वाचनालयात गेली. ग्रंथपाल म्हणून लागली आणि ग्रंथपाल म्हणूनच निवृत्त झाली. त्यामुळे देऊळ बघायला आम्ही दोघी गेलो खऱ्या, पण मी पाईप बघत होते आणि ती शिक्के.

लांबून बघितलं तर, स्पष्टच सांगते, निराशा झाली. ट्राममधून उतरलो तेव्हा ऊन कडक होतं आणि समोर नुसतं चकाकणारं प्लास्टिक. पुस्तकं पारदर्शक प्लास्टिकखाली बांधलेली होती. पावसापासून वाचवायची तर दुसरा इलाज नाही, हे मान्य. पण त्या चकाकीमुळे लांबून पुस्तक म्हणून काही दिसतच नव्हतं. फोटोंत जे भव्य वगैरे दिसतं ते बहुतेक संध्याकाळचं किंवा रात्रीचं, दिवे लावल्यावरचं. दुपारी बारा वाजता ते एखादं अर्धवट काम झाकून ठेवल्यासारखं दिसत होतं.

त्यातून काम खरोखरच अर्धवट होतं. खांबांचा बराचसा भाग भरलेला, पण वरच्या अंगाला जागोजागी रिकामी जाळी. कारण पुस्तकं विकत आणून लावलेली नव्हती, लोकांकडून मागितली होती. २०१६ साली फ्रँकफुर्टच्या पुस्तक मेळ्यात आवाहन झालं, एक लाखापर्यंत पुस्तकं हवीत म्हणून. प्रदर्शन उघडल्यावरही ती येत राहिली आणि चढत राहिली. आईला हे भलतंच आवडलं. "लोकवर्गणीतून चाललंय म्हणजे अर्धवटच असणार," म्हणाली. "आमच्या वाचनालयाचा वरचा मजला आठव."

मला मात्र सांगाडा आवडला, आणि हे मी धंद्याबाहेरच्या माणसाला पटवू शकेन असं वाटत नाही. एका प्रतीचं वजन सरासरी ३५० ग्रॅम धरलं तर एक लाख पुस्तकांचे ३५ टन होतात. ते काही फार नाही. भीती वजनाची नसते, वाऱ्याची असते. नुसत्या पाईपांतून वारा निघून जातो; त्याच पाईपांना पुस्तकं आणि प्लास्टिक गुंडाळलं की प्रत्येक खांब वाऱ्याला छाती लावून उभा राहतो. अशा चाळीसएक खांबांच्या रांगा, मोकळ्या चौकात, शंभर दिवस. ज्यांनी कुणी हे हिशेब केले त्यांचं नाव कुठे मोठ्या अक्षरांत नव्हतं. कधीच नसतं. लोक वर पुस्तकांकडे बघत होते आणि मी आडव्या-तिरप्या पाईपांचे सांधे बघत होते. खांबाला पुस्तकांची सजावट असली तरी सांगाडा कुठेही लपवलेला नव्हता, आणि मला वाटतं ते फार बरं झालं. दगडाचा आव आणला नाही.

आता जवळून. हात पोचेल इतक्या अंतरावर गेलं की सगळंच बदलतं. लांबून जे प्लास्टिक होतं त्याच्यामागे एकेक मुखपृष्ठ दिसायला लागतं. खांबाच्या कमरेएवढ्या उंचीला एक जाडजूड बांधणीचं, पाठीचं कापड विटलेलं. त्याला चिकटून नवंकोरं, किमतीची चिठ्ठीसुद्धा न काढलेलं. वर जर्मन शाळांत वापरतात त्या पिवळ्या, तळहाताएवढ्या प्रती, एक नाही, दोन नाही, एकाखाली एक ओळीने. एकाच्या पानांतून खूण म्हणून घातलेला ट्रामच्या तिकिटाचा तुकडा बाहेर डोकावत होता; देणाऱ्याने तो काढला नव्हता आणि बांधणाऱ्यानेही. आईने चष्मा कपाळावर चढवला (तिला जवळचं चष्म्याशिवाय दिसतं) आणि नाक प्लास्टिकला लागेल इतकी वाकून ती खांबाभोवती फिरायला लागली. जर्मन तिला येत नाही. पण ग्रहावर उभा असलेला तो छोटा राजपुत्र तिने लगेच ओळखला. "याच्यावर कुणी बंदी घातली? का?"

अर्जेंटिनात, लष्करी राजवटीने, हे मला माहीत होतं, कारण गाडीत मी वाचत आले होते. 'का' हे मात्र तिथे कुठे लिहिलेलं नव्हतं. आणि ही माझी या कलाकृतीबद्दलची पहिली मोठी तक्रार. कासेल विद्यापीठातल्या अभ्यासकांनी आणि विद्यार्थ्यांनी बंदी आलेल्या हजारो पुस्तकांचा माग काढला, त्यातून सुमारे १७० नावांची यादी लोकांपुढे ठेवली. केवढं काम! पण खांबापाशी उभ्या असलेल्या माणसाला त्यातलं काय मिळत होतं? पुस्तक दिसतं, हात लावता येत नाही, उघडता येत नाही, आणि कुठे, कधी, कुणी, कशासाठी बंदी घातली हेही कळत नाही. निदान दर खांबामागे दोन-चार पुस्तकांच्या खाली चार ओळींची चिठ्ठी असती तरी चाललं असतं. आपल्याकडे किल्ल्यांवर पुरातत्त्व खात्याचा निळा फलक असतो, त्यावर बारीक अक्षरांत का होईना, काहीतरी असतं.

शिवाय यादीतली नावं थोडी आणि देणारे पुष्कळ, म्हणजे जी पुस्तकं प्रत्येक जर्मन घरात असतात तीच पुन्हा पुन्हा. काफ्का इतक्या वेळा भेटला की आई त्याचा फोटो ओळखायला लागली. "हा बारीक, मोठ्या कानांचा पुन्हा आला बघ." मराठी एकही दिसलं नाही, आणि आम्ही शोधलं. 'कीचकवध' नाटक १९१० साली मुंबई सरकारने बंद केलं होतं, कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसत होता म्हणून. ते बसलं असतं तिथे. कुणी पाठवलं नसणार. तक्रार कुणाकडे करायची?

या जागेबद्दल मात्र बोललं पाहिजे, कारण देऊळ तिथे उगाच उभं केलेलं नव्हतं. समोरची लांबलचक, खांबांची इमारत म्हणजे फ्रीडेरित्सियानुम. १७७९ सालची. लोकांसाठी म्हणून मुद्दाम बांधलेल्या युरोपातल्या अगदी सुरुवातीच्या संग्रहालयांपैकी एक. तिथेच संस्थानाचं ग्रंथालय होतं, आणि परीकथा गोळा करणारे ग्रिम बंधू त्या ग्रंथालयात नोकरीला होते. हे ऐकल्यावर आईची मान ताठ झाली. ग्रंथपालाने एवढं मोठं काहीतरी केलं याचं तिला कोण कौतुक. "आणि पगार?" असंही विचारलं. ते मला सांगता आलं नाही, पण फारसा नसावा असं तिनेच ठरवून टाकलं.

याच चौकात १९ मे १९३३ रोजी नाझींनी सुमारे दोन हजार पुस्तकांची होळी केली. आणि १९४१ साली दोस्तांच्या बॉम्बहल्ल्यात फ्रीडेरित्सियानुमला आग लागली तेव्हा ग्रंथालयातली साडेतीन लाखांच्या आसपास पुस्तकं जळाली. एकाच जागी दोन आगी. पहिलीत पुस्तकं निवडून जाळली, दुसरीत निवड करायला कुणी नव्हतं. पेपरांत सगळा भर पहिलीवर होता आणि तो असायलाच हवा. पण आई बराच वेळ दुसऱ्या आकड्याशी अडली होती. साडेतीन लाख म्हणजे तिच्या वाचनालयासारखी किती वाचनालयं, याचा ती मनात भागाकार करत असावी; ओठ हलत होते.

आम्ही तिथे उभ्या असतानाच इमारतीला लागून असलेल्या जुन्या बुरुजातून पांढरा धूर यायला लागला. दाट, सरळ वर जाणारा. आईने माझा दंड धरला. मला माहीत होतं म्हणून मी हसले. ती डॅनियल क्नोर नावाच्या दुसऱ्या कलावंताची कलाकृती. यंत्रातून धूर सोडायचा, रोज. सुरुवातीला लोकांनी अग्निशमन दलाला फोन केले होते म्हणे, आणि त्यांना दोष कोण देईल. पण खरं सांगू? पुस्तकांचं देऊळ, पुस्तकं जाळल्याची जागा, आणि मागे धूर. देवळाने एकट्याने जे साधलं नव्हतं ते त्या धुराने साधलं. एकाच चौकात दोघांना शेजारी ठेवण्याची अक्कल ज्याची असेल त्याला माझे पूर्ण गुण.

आईने मात्र त्या धुराकडे बघत जे विचारलं त्याची मी तयारी केली नव्हती. "आणि महाडला जाळलं ते?"

२५ डिसेंबर १९२७. बाबासाहेबांच्या उपस्थितीत मनुस्मृतीचं दहन. आमच्या घरात ही तारीख लहानपणापासून ठाऊक आहे. मी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं, प्यायले. उत्तर जुळवायला वेळ हवा होता. पुस्तक जाळणं वाईट, असा सरळसोट फलक हे देऊळ हातात घेऊन उभं होतं आणि आई विचारत होती की आपलं काय मग.

ट्रामच्या थांब्यावर बसून आम्ही याच्यावर बोललो. मला जे सुचलं ते असं. कासेलला जाळणाऱ्यांच्या हातात सत्ता होती आणि त्यांना लोकांची वाचायची वाट बंद करायची होती. महाडला जाळणाऱ्यांच्या हातात काहीच नव्हतं. ज्या पुस्तकाने त्यांना अक्षरापासून लांब ठेवायला सांगितलं, ते त्यांनी जाहीरपणे विस्तवात घातलं. त्याने मनुस्मृतीची एकही प्रत दुर्मिळ झाली नाही. आज कुणालाही ती दुकानात मिळते. पण हे सगळं बोलताना आईने मान हलवली आणि म्हणाली, "ते ठीक गं. मी दुसरं म्हणते. यांनी बंदी आलेली पुस्तकं मोजली. बंदी आलेले वाचक कुणी मोजायचे?"

मग तिने वाचनालयातली गोष्ट सांगितली. मी ती आधी ऐकलेली होती, पण या कोनातून नाही. ती नवीन लागली तेव्हा गावातल्या बऱ्याच घरांतल्या बायका वाचनालयाची पायरी चढत नसत. बंदी अशी नव्हती, नुसतं 'बरं दिसत नाही'. त्या पोरांच्या हाती पुस्तक मागवायच्या. सभासदत्व पोराच्या नावाने, नोंद पोराच्या नावाने. त्यामुळे तिच्या नोंदवहीप्रमाणे तिसरीतला एक मुलगा आठवड्याला दोन-दोन जाडजूड सामाजिक कादंबऱ्या वाचून परत करत होता. वरून निरोप आणायचा, 'मागचा भाग नाही आवडला, दुसरं द्या.' जिल्ह्याहून तपासणीला आलेल्या साहेबांनी ती नोंद बघून विचारलं होतं, हा मुलगा कोण? आई म्हणाली, हुशार आहे.

म्हणून माझी दुसरी तक्रार देवळाच्या आकाराबद्दल आहे. मिनुखिनबाईंनी पार्थेनॉन निवडलं, कारण ते अथेन्सच्या लोकशाहीचं चिन्ह मानलं जातं. २०१७चं डॉक्युमेंटा अर्धं अथेन्समध्येच भरलं होतं, त्यामुळे धागाही जुळला. पण ज्या शहराच्या लोकशाहीत बायका आणि गुलाम मोजलेच जात नव्हते, आणि ज्या शहराने प्रोटागोरस या तत्त्वज्ञाची पुस्तकं भर बाजारात जाळली असं जुने ग्रीक लेखकच सांगून गेलेत, त्याचं देऊळ वाचनस्वातंत्र्याच्या नावाने? शिवाय देऊळ म्हटलं की आपल्याकडच्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न काय येतो, तर आत कुणाला सोडतात. इथे सगळ्यांना सोडत होते, चारही बाजूंनी मोकळं होतं, पोरं खांबांमधून पकडापकडी खेळत होती, एक जोडपं सावलीला बसून सँडविच खात होतं. ते दृश्य झकास होतं. पण ती मोकळीक त्या परांचीची होती, पार्थेनॉनची नव्हे.

एवढं बोलल्यावर वाटेल की मला काही आवडलंच नाही. तसं नाही. यातला मला सगळ्यात आवडलेला भाग बांधकामात नव्हताच, येण्याजाण्यात होता. पुस्तक द्यायला माणसं येत होती. आमच्यासमोर एक आजी आल्या, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी एक पुस्तक काढलं, द्यायच्या आधी मधलं एक पान उघडून उभ्यानेच वाचलं, सावकाश, अर्धं पान असेल. मग मिटलं आणि दिलं. मागे रांग होती, कुणी घाई केली नाही. आई म्हणाली, "आपल्याकडे भेट म्हणून पुस्तकं येतात ती अशी येत नाहीत. कपाट रिकामं करायला म्हणून येतात. पाठ्यपुस्तकं, जुन्या डायऱ्या, कॅलेंडरं."

आणि दुसरं म्हणजे शेवट. हे देऊळ पहिलं नव्हे. मिनुखिनबाईंनी पहिलं बांधलं ते १९८३च्या डिसेंबरात, ब्यूनस आयर्समध्ये. १९७६ पासूनची लष्करी राजवट नुकती संपली होती. लष्कराने बंदी घातलेली वीसेक हजार पुस्तकं त्या सांगाड्यावर लावली, आणि काही दिवसांनी क्रेनने अख्खं देऊळ एका अंगावर कलतं केलं, म्हणजे लोकांना हाताने पुस्तकं काढून घरी नेता येतील. ज्या गोष्टीपायी काल-परवापर्यंत माणूस उचलून नेला जाई, ती भररस्त्यात ओरबाडून घ्यायची. ते देऊळ मला बघायला मिळायला हवं होतं. कासेलमधल्या कुणाचंच पुस्तकावाचून अडलेलं नाही. यादीतलं बहुतेक सगळं कोपऱ्यावरच्या दुकानात आणि त्याहून स्वस्त मोबाईलवर मिळतं. ब्यूनस आयर्सला ते वाटप होतं, इथे ती आठवण आहे. आठवणही लागतेच, पण दोन्हींना एकच भाव लावू नये.

तारे द्यायचे तर जवळून चार, लांबून अडीच, धुरासकट साडेचार.

आता कामाचं. फ्रँकफुर्टहून जलद गाडीने कासेल-विल्हेल्म्सह्योएला दीड तासाच्या आसपास लागतो, तिथून चौकापर्यंत ट्राम. चार-पाच माणसं असाल आणि घाई नसेल तर हेसनतिकिट काढा, पाचजणांना मिळून एकच लागतं. पण मग साध्या गाड्या, वेळ जास्त, आणि कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतरच चालतं. जेवण बरोबर न्या. चौकातल्या एका गाडीवर आम्ही दोन कॉफ्या आणि एक पाव घेतला, त्याची किंमत आईला रुपयांत सांगितली नाही. चौकाच्या मधोमध सावली नाही, ज्येष्ठांना टोपी लागते. झाडं बघायची तर शहरभर आहेत: योझेफ बॉइस या जर्मन कलावंताने १९८२च्या डॉक्युमेंटात सात हजार ओक लावायला घेतले, प्रत्येकाशेजारी बसाल्टचा एक उभा दगड. ते अजून आहेत, फुकट आहेत, आणि त्यांच्याखाली बसता येतं. मला विचाराल तर कासेलमधली सगळ्यात चांगली सार्वजनिक कलाकृती अजूनही तीच. आतल्या प्रदर्शनासाठी पैसे घालायचे की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. एका दिवसात ते संपत नाही आणि पाय मात्र संपतात. आईला आम्ही एवढंच दाखवलं: देऊळ, चौक, आणि तेव्हा क्योनिग्सप्लाट्झ या चौकात असलेला तो उंच चौकोनी स्तंभ, ज्यावर 'मी परका होतो आणि तुम्ही मला आसरा दिलात' हे बायबलमधलं वाक्य चार भाषांत सोनेरी अक्षरांत आहे. त्यातली एक तुर्की, एक अरबी. निर्वासितांवरून इथे जे चाललंय ते बघता धाडसाचं काम.

आई ऑगस्टमध्ये परत गेली. सप्टेंबरात प्रदर्शन संपत आल्यावर देऊळ उतरवताना पुस्तकं लोकांना वाटणार असं कळलं, म्हणून मी एकटीच पुन्हा गेले. उतरवण्याचं काम बघायलाही गेले होते. परांची चढवणं सगळे बघतात, उतरवणं जास्त कौशल्याचं असतं. रांग मोठी होती. निवडायला फार वाव नव्हता, जे हाती येईल ते. मला एक पिवळी छोटी प्रत मिळाली, काफ्काचीच. प्लास्टिकच्या आत तीन महिने ऊन-पाऊस काढूनही पानं कोरडी होती, मुखपृष्ठ तेवढं एका कोपऱ्याला वळलेलं. पहिल्या पानावर एका शाळेच्या ग्रंथालयाचा गोल शिक्का, शाईच्या पेनने घातलेला क्रमांक, आणि मागे तारखांचा तक्ता, शेवटची तारीख १९९८ची.

रात्री आईला फोनवर दाखवलं. तिने फोन जवळ घे, लांब धर, दिवा लाव असं करून तो शिक्का नीट बघितला.

"निर्लेखित केल्याचा, संग्रहातून काढून टाकल्याचा शिक्का कुठाय?"

मी सगळी पानं उलटली. नव्हता.

"मग अजून त्यांच्या दाखल नोंदवहीत असणार ते," आई म्हणाली. "शाळेचा पत्ता आहे ना त्यावर? पत्र टाक."